ट्रान्सपाँडर काढायचा आहे? आधी फायबर मोजा

जिल्हा-तालुका पातळीवर स्वतःच्या किंवा भाड्याच्या फायबरवर जाळे चालवणाऱ्या इंटरनेट सेवा पुरवठादारांसाठी

दोन गावांमधला ४०० जीबीपीएसचा दुवा जुन्या पद्धतीने उभा केला, तर एका टोकाला काय काय लागते ते रॅकसमोर उभे राहून मोजा. राऊटरच्या पोर्टात एक ग्रे ऑप्टिक (साधा, ठरावीक तरंगलांबी नसलेला प्रकाश देणारे मॉड्यूल). तिथून पॅचकॉर्ड ट्रान्सपाँडरकडे. ट्रान्सपाँडरच्या अलीकडच्या बाजूला दुसरे ग्रे ऑप्टिक, मग कार्ड, कार्डाची शेल्फ, शेल्फचे दोन पॉवर सप्लाय, आणि पुन्हा पॅचकॉर्ड मक्सकडे (अनेक तरंगलांबी एकाच फायबरवर एकत्र करणारी पेटी). दोन्ही टोके मिळून चार ग्रे ऑप्टिक आणि दोन ट्रान्सपाँडर. हे सगळे राऊटरचा साधा प्रकाश ठरावीक तरंगलांबीच्या, लांब पल्ल्याच्या प्रकाशात बदलण्यासाठी.

हे काम आता राऊटरच्या पोर्टात बसणारे एकच मॉड्यूल करते. ओआयएफ या उद्योगसंस्थेने २०२० मध्ये ४००झेडआरचा तपशील प्रसिद्ध केला. त्यानुसार बनलेले मॉड्यूल साधारण १५ वॉट वीज घेते आणि फक्त दोन टोकांना अ‍ॅम्प्लिफायर ठेवून १२० किलोमीटरपर्यंत पोचते. कल्पना जुनीच आहे. पण पूर्वी रंगीत (ठरावीक तरंगलांबी देणाऱ्या) पोर्टांच्या कार्डावर पोर्ट इतके कमी मिळत, की राऊटरचा महागडा स्लॉट वाया जाई. आता ग्रे आणि रंगीत मॉड्यूल एकाच खाचेत बसतात, म्हणून हिशेब जुळतो.

९२ किलोमीटरचा हिशेब

'१२० किलोमीटर' हा आकडा कागदावरचा. फायबरला किलोमीटर कळत नाहीत, डीबी (प्रकाशाची घट-वाढ मोजायचे एकक) कळतात. रस्त्याचे अंतरही धरू नका. केबल वळसे घेते आणि प्रत्येक जॉइंटपाशी तिचे वेटोळे पडलेले असते.

ओटीडीआरवर (फायबरची लांबी आणि तूट मोजणारे यंत्र) ९२ किमी भरलेली जी.६५२डी (नेहमीचे सिंगल-मोड फायबर) जोडी घ्या. ०.२२ डीबी प्रति किमीने २०.२ डीबी. चाळीस जोड, प्रत्येकी ०.०८, म्हणजे ३.२. दोन्ही ओडीएफचे (टोकांना फायबर जोडायच्या चौकटींचे) कनेक्टर मिळून १. एकूण २४.४ डीबी.

मॉड्यूल सोडते उणे १० डीबीएम (एक मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर). मक्समध्ये ५ डीबी गेले, उरले उणे १५. बूस्टरने (पाठवणाऱ्या टोकाच्या अ‍ॅम्प्लिफायरने) १७ डीबी वाढवले की फायबरवर अधिक २. पलीकडे पोचते उणे २२.४. प्रीअ‍ॅम्पने (घेणाऱ्या टोकाच्या अ‍ॅम्प्लिफायरने) १८ डीबी दिले, डीमक्सने ५ खाल्ले, रिसीव्हरवर आले उणे ९.४. रिसीव्हरला उणे १२ पुरते, म्हणजे इथपर्यंत ठीक.

पण पॉवर पुरेशी आहे म्हणून दुवा चालेलच असे नाही. अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. नॉइज फिगर (अ‍ॅम्प्लिफायर किती गोंगाट घालतो त्याचा आकडा) ५.५ धरली तर वरच्या दुव्याचा ओएसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचे प्रमाण) सुमारे २९ डीबी येतो. ४००झेडआरला किमान २६ लागतो. हातात राहिले तीन. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की दुरुस्तीत दोन नवे जोड पडतात. पावसात, घाईत मारलेला जोड ०.१५ चा धरा: दहा तोडींमध्ये ही तीन डीबी संपली. म्हणून दरवर्षी पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंनी ओटीडीआर घ्या आणि खराब जोड पुन्हा मारून घ्या. नवे अ‍ॅम्प्लिफायर घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

अंतर ३० किमीच्या आत असेल आणि एकूण तूट ११ डीबीच्या खाली, तर मक्सही नको, अ‍ॅम्प्लिफायरही नको. मॉड्यूल थेट फायबरला लावा. मात्र त्या जोडीवर मग एकच तरंगलांबी जाईल.

जुन्या मक्सवर लावताना

तुमचा मक्स ५० गिगाहर्ट्झ चॅनल-अंतराचा असेल तर विषय तिथेच संपतो. हा सिग्नल ६० गिगाबॉडचा (सेकंदाला ६० अब्ज चिन्हे, म्हणजे तितकाच रुंद) आहे, तो त्या फटीतून जात नाही, कडा कापल्या जातात. १०० गिगाहर्ट्झचा सपाट माथ्याचा मक्स चालतो. नवा घेणार असाल तर ७५ चा घ्या, त्यात सी-बँडमध्ये (१५५० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा) ६४ चॅनल बसतात.

त्याच फायबरवर जुन्या १०जी तरंगलांबी चालू असतील तर त्यांना आणि ४००जीला शेजारी बसवू नका. मध्ये काही चॅनल रिकामे सोडा. १०जीसाठी बसवलेले डीसीएम (फायबरमध्ये पसरलेला सिग्नल पुन्हा आवळणारे मॉड्यूल) नव्या सिग्नलला नको आहेत. १०जी बंद झाले की ते काढा, उगीच खाल्लेले डीबी परत मिळतील.

जुन्या ट्रान्सपाँडरचे चॅनल साधारण ० डीबीएमवर असतात. त्यांच्यात उणे १० चे मॉड्यूल घातले तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. अशा ठिकाणी ० डीबीएम देणारे झेडआर-प्लस घ्यावे लागते. ते २० वॉटच्या पुढे जाते, हे लक्षात ठेवा.

उष्णता

ग्रे ऑप्टिक जिथे आरामात चालत होते तिथे हे मॉड्यूल चालेलच असे नाही. सगळ्या पोर्टांना २० वॉट पेलत नाहीत. काही राऊटरमध्ये शेजारचा पोर्ट रिकामा ठेवावा लागतो. पंख्याची जाळी धुळीने भरली की सर्वांत आधी तापते ते हेच. पत्र्याच्या खोलीत, एसी बंद असताना, दुपारी दोन वाजता मॉड्यूलचे तापमान पाहा. रात्री घेतलेले रीडिंग कामाचे नाही.

रिंग आता राऊटर सांभाळणार

ऑप्टिकल प्रोटेक्शन (प्रकाशच दुसऱ्या फायबरवर वळवणे) आणि राऊटरचे फास्ट रीरूट (पॅकेट रिंगच्या दुसऱ्या बाजूने वळवणे) दोन्ही चालू ठेवले, तर तोड झाली की दोघेही एकदम धावतात आणि ट्रॅफिक दोनदा हेलकावे खाते. एकच ठेवा. आमचे मत रीरूटच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: रिंगची कोणतीही बाजू निम्म्यापेक्षा जास्त भरलेली नसावी, आणि दोन्ही बाजूंच्या केबल एकाच डक्टमधून इमारतीत शिरत नसाव्यात. ही दुसरी अट बहुतेक ठिकाणी मोडलेली असते.

ट्रान्सपाँडरचे अलार्म गेले म्हणून आंधळे होऊ नका. राऊटरच्या पडद्यावर प्री-एफईसी बीईआर (दुरुस्तीआधीचा बिटांच्या चुकांचा दर) दिसतो. ४००झेडआरमध्ये ०.०१२५ पर्यंतच्या चुका दुरुस्त होतात. त्यापुढे पॅकेट हळूहळू नव्हे, एकदम पडू लागतात. अलार्म ०.००८ वर लावा. आकडा दिवसेंदिवस चढत असेल तर जोड किंवा कनेक्टर बिघडतो आहे. रोज दुपारीच चढत असेल तर आधी तापमान बघा.

कुठे करू नये

दहा किलोमीटरच्या आत एलआर४ (१० किमी पल्ल्याचे ग्रे ऑप्टिक) घ्या. एकूण ट्रॅफिक ६०-७० जीबीपीएसच असेल तर १००झेडआर (याच जातीचे १०० जीबीपीएसचे मॉड्यूल) पुरते. ते ५-६ वॉटमध्ये चालते. मधल्या गावात फारसे काही उतरत नसेल आणि बहुतेक ट्रॅफिक नुसते पार होत असेल, तर तिथे राऊटरचे दोन पोर्ट खर्ची घालण्यापेक्षा ती तरंगलांबी मक्स-टू-मक्स पुढे सोडणे परवडते.

आणि मॉड्यूल स्वस्त मिळते म्हणून कुठूनही उचलू नका. १५ जून २०२१ पासून परवानाधारकांनी जाळ्यात विश्वासार्ह स्रोतांचीच उपकरणे जोडायची आहेत.

दरपत्रक मागताना सोबत पाठवा

दोन्ही दिशांचे १५५० नॅनोमीटरवरचे ओटीडीआर ट्रेस, मक्सचे मॉडेल, राऊटरचे मॉडेल व सॉफ्टवेअर आवृत्ती, चालू तरंगलांबींची यादी, आणि ओडीएफचा जवळून काढलेला फोटो. फोटो यासाठी, की हिरवा एपीसी (तिरक्या टोकाचा कनेक्टर) निळ्या यूपीसीत (सरळ टोकाच्या) घुसवलेला पुष्कळदा तिथेच सापडतो. बूस्टर चालू असताना तो कनेक्टर उपसू नका आणि त्यात डोकावू नका. आधी बूस्टर बंद, मग पुसायचे, मग जोडायचे.