फेजचा स्विच बिघडलेला नाही: जुन्या स्पीकरला सबवूफर जोडताना

आमचा अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर (खालचे सूर सबवूफरला आणि बाकीचे स्पीकरला वाटून देणारं युनिट) घेतलेल्या ग्राहकांकडून एक तक्रार वारंवार येते, आणि ती जवळपास शब्दशः सारखी असते. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला लावला, दोन्ही बाजूंना २४ डेसिबलचा उतार दिला (म्हणजे दर ऑक्टेव्हला, फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी होताना, आवाज २४ डेसिबल उतरतो), तरी ८०च्या आसपास आवाज पोकळ वाटतो. सबवूफर वाढवला की खालचे सूर घुमायला लागतात, पण पोकळी भरत नाही. फेजचा (आवाजाची लाट उलटवणारा) स्विच उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, काही फरक नाही. म्हणजे स्विच गेला, युनिट परत पाठवतो.

पाठवण्याआधी हे वाचा. अशा तक्रारीने आलेल्या युनिटमध्ये बहुतेक वेळा बिघाड सापडत नाही. ते तसंच परत येतं, त्यात तुमचे दिवस जातात, आणि पोकळी जिथल्या तिथे राहते.

पेटी हाही एक फिल्टर आहे

एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करणारा स्पीकर बाजारात आणला. त्यानंतरची दोन दशकं घरगुती स्पीकरांत बंद पेटीला मोठा मान होता. तुमच्याकडचे जुने स्पीकर त्या घराण्यातले असतील, तर एक गोष्ट पक्की धरा: पेटीच्या रेझोनन्सच्या (वूफर आणि पेटीतली हवा मिळून जिथे आपसूक डोलतात त्या फ्रिक्वेन्सीच्या) खाली त्यांचा आवाज आपोआप, दर ऑक्टेव्हला १२ डेसिबल या दराने उतरतो. कुणी क्रॉसओव्हर लावो न लावो, हा उतार तिथे असतोच.

आता तुम्ही काय करता ते बघा. छोट्या बंद पेटीचा रेझोनन्स समजा ८० हर्ट्झला आहे आणि पेटीचा क्यू (रेझोनन्स किती टोकदार आहे त्याचा आकडा) ०.७ आहे. तिथे पेटीने आवाज आधीच ३ डेसिबल खाली आणलेला असतो आणि फेज ९० अंश पुढे सरकवलेली असते. त्याच ८० हर्ट्झला तुम्ही वरून २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावता, तो आणखी ६ डेसिबल खाली नेतो. स्पीकर एकूण ९ डेसिबल खाली, सबवूफर ६ डेसिबल खाली, आणि दोघांत ९० अंशांचं अंतर. दोन्ही मिळून बेरीज यायला हवी शून्य डेसिबलवर, म्हणजे ना वर ना खाली, ती येते साधारण ४.३ डेसिबल खाली. हीच ती पोकळी.

स्विचचं कोडंही इथेच सुटतं. फेजचा स्विच १८० अंश फिरवतो. दोघांत अंतर ९० अंशांचं असेल, तर फिरवल्यावर ते दुसऱ्या बाजूने पुन्हा ९० अंशांचंच होतं. क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर बेरीज दोन्ही वेळा तीच. स्विच नीट काम करतो आहे, म्हणूनच तुम्हाला फरक ऐकू येत नाही.

उपाय सोपा आहे. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी १९७६ मध्ये मांडलेला २४ डेसिबलचा फिल्टर म्हणजे एकामागे एक लावलेले १२ डेसिबलचे दोन सारखे बटरवर्थ (म्हणजे ०.७ क्यूचे) फिल्टर. ०.७ क्यूची बंद पेटी हा त्यातला पहिला फिल्टर स्वतःच पुरवते. तुम्ही फक्त दुसरा द्यायचा. म्हणून स्पीकरच्या बाजूला १२ डेसिबल बटरवर्थ, सबवूफरच्या बाजूला २४ डेसिबल लिंकविट्झ-रायली. आकडे दोन्हीकडे वेगवेगळे दिसतात, पण हवेत दोन्ही उतार सारखे होतात. टीएचएक्स या सिनेमा-ध्वनीच्या मानकाच्या घरगुती प्रणालीत ८० हर्ट्झला हीच जोडी वापरतात, ती याच कारणाने. आमच्या युनिटवर दोन्ही बाजूंच्या उतारांची बटणं वेगळी ठेवली आहेत, ती यासाठीच. दोन्ही एकत्र बांधलेली असती तर युनिट स्वस्त झालं असतं, पण जुन्या स्पीकरसाठी निरुपयोगी ठरलं असतं.

पेटी मोठी असेल आणि तिचा रेझोनन्स ४० हर्ट्झच्या आसपास असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे ८०ला दोन्हीकडे २४ डेसिबल चालतं, कारण एक ऑक्टेव्ह वर पेटीचा आवाजावरचा परिणाम पाव डेसिबलइतकाच उरतो. फेज मात्र तिथेही सुमारे ४३ अंश पुढे असते. मुख्य स्पीकरला दीड मिलिसेकंद डिले (उशीर) दिला की ती जागेवर येते.

मॉडेलच्या नावावरून आकडा का सांगत नाही

‘अमुक स्पीकर आहे, किती हर्ट्झला कापू?’ असं विचारल्यावर आम्ही लगेच आकडा देत नाही, याचा काही ग्राहकांना राग येतो. पण पन्नास वर्षांच्या स्पीकरला छापील आकडा लागू होईलच असं नाही. वूफरच्या कडेचा फोम कुजून बदललेला असतो, नवा फोम मूळच्यापेक्षा कडक किंवा मऊ असतो. आतली लोकर कुणीतरी काढलेली असते, मागच्या पॅनलची फट हवा सोडत असते. एकाच जोडीतले डावे-उजवे वेगळे निघतात. मग चुकीच्या आकड्यावर अख्खा सेटअप उभा राहतो. मोजणीला अर्धा तास लागतो, तो आधी द्या.

मोजणीसाठी लागणारा १००० ओहमचा रेझिस्टर आम्ही युनिटच्या खोक्यातच घालतो. अ‍ॅम्प्लिफायर आणि एक स्पीकर यांच्या मध्ये तो जोडा. क्रॉसओव्हर मधून काढून ठेवा. फोनवरच्या टोन जनरेटरने २० ते २०० हर्ट्झ सावकाश फिरवा आणि मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर वाचा. आकडा जिथे सगळ्यात वर चढतो, तो पेटीचा रेझोनन्स. दोन्ही स्पीकर मोजा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर हे करू नका. इतक्या मोठ्या रेझिस्टरमुळे तो जवळपास बिनलोडचा चालतो आणि त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका असतो.

एकाऐवजी दोन शिखरं दिसली, तर पेटी पोर्टची आहे. तिचा उतार २४ डेसिबलचा असतो आणि वरचा हिशेब तिला लागत नाही. पोर्टमध्ये फोमचा घट्ट बोळा बसवा, एकच शिखर उरेल, मग बंद पेटीसारखं वागवा. खालचे सूर सबवूफर सांभाळणार असल्यामुळे गमावण्यासारखं फारसं काही नाही.

क्यू काढायला थोडं गणित लागतं. शिखराच्या दोन्ही बाजूंचे पाच-सहा आकडे आणि स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स आम्हाला पाठवा, आम्ही काढून देतो. युनिट घेतलेल्यांना त्याचे पैसे पडत नाहीत. रेझोनन्सवर आवाज किती खाली आहे ते क्यूवरूनच ठरतं: ०.५ असेल तर ६ डेसिबल, ०.७ असेल तर ३, आणि १ असेल तर अजिबात नाही. क्यू १च्या वर असेल तर ८०चा फुगवटा आधी काढावा लागतो. बऱ्याचदा आत पुन्हा लोकर भरली की तो उतरतो. फोम बदलायचा असेल तर आधी बदला, मोजणी नंतर.

बाकीचे प्रश्न

सबवूफरच्या पाठीवरची स्वतःची लोपासची (वरचे सूर अडवणाऱ्या फिल्टरची) कळ पूर्ण वर फिरवा किंवा बायपास करा. ती मध्येच राहिली, तर दोन लोपास एकामागे एक लागतात आणि तीच चूक दुसऱ्या बाजूने होते.

‘अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर लावायचा म्हणजे स्पीकर उघडून आतली कॉइल-कॅपॅसिटर काढायची का?’ नाही. कृपया काढू नका. आमचं युनिट प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्पच्या मध्ये बसतं. आतलं नेटवर्क वूफर आणि ट्विटर यांच्यातली वाटणी करतं आणि ते तसंच राहायला हवं. कित्येक जुन्या डिझाइनमध्ये त्याच नेटवर्कने आवाजाचा तोलही सावरलेला असतो. फार तर वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलून घ्या. संपूर्ण अ‍ॅक्टिव्ह करण्याचं काम वेगळं, आणि त्यातही ट्विटरच्या तारेत एक कॅपॅसिटर ठेवावाच लागतो. नाहीतर अ‍ॅम्प सुरू करतानाचा एक धक्का जुना, न मिळणारा ट्विटर घेऊन जातो.

तुमच्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पच्या मागे प्री-आउट आणि मेन-इन (प्री आणि पॉवर भाग वेगळे करता येणारे सॉकेट) नसेल, तर क्रॉसओव्हर टेप लूपमध्ये (टेप रेकॉर्डर जोडण्याच्या सॉकेटमध्ये) घालू नका. टेप लूप व्हॉल्यूमच्या आधी असतो, त्यामुळे तिथून सबवूफरला आवाज कायम पूर्ण जातो. मागच्या पॅनलचा फोटो पाठवा, मार्ग सुचवतो.

काहीजण स्पीकरला हायपास लावतच नाहीत, नुसता सबवूफर खाली जोडतात. ऐकायला चालतं, पण जुन्या वूफरला काहीच आराम मिळत नाही. तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायला कोनला चौपट हलावं लागतं. जुन्या फोमवरचा ताण तिथूनच येतो.

शेवटची जुळणी अशी. क्रॉसओव्हरच्या फ्रिक्वेन्सीचा टोन हळू आवाजात लावा, नेहमीच्या जागी बसा आणि सबवूफरची फेज मुद्दाम उलटी करा. आता डिले थोडा थोडा बदलत आवाज सर्वांत जास्त दबतो ती जागा शोधा. सापडली की फेज सुलटी करा. ऐकून ‘सगळ्यात भरदार’ जागा शोधण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण भरदारपणाचं टोक पसरट असतं आणि खड्डा टोकदार. सबवूफर एक मीटर लांब असेल तर आवाज सुमारे २.९ मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे ८० हर्ट्झला ८४ अंश. वरची सगळी मेहनत वाया घालवायला तेवढं पुरतं. डिले ठरला की मगच सबवूफरची पातळी लावा, आधी नाही.

एवढं करूनही पोकळी राहिली, तर दोन्ही स्पीकरचे रेझोनन्स, लावलेले दोन्ही उतार, डिले आणि सबवूफरचं अंतर लिहून कळवा. तेव्हा युनिट खुशाल पाठवा. ते आम्ही त्याच दिवशी टेबलावर घेतो.