मावळे, फासे आणि राजासॉरस

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी दिवाळीत अंगणात किल्ला होतो. दगड, पोतं, लाल माती आणि उतारावर अळीव. मागच्या दिवाळीत भाच्याने त्या हिरवळीत प्लास्टिकचा डायनासोर आणून ठेवला. विचारलं, "मामा, मावळ्यांनी याला पाडायचं कसं?"

प्रश्न खेळाच्या नियमांचा होता, आणि टेबलावरच्या लढाईला नियम लावण्याची गोष्ट बरीच जुनी आहे. प्रशियात फॉन राइसविट्झ यांनी 1812 मध्ये राजाला टेबलावर मांडायचा युद्धाचा खेळ दिला. 1824 मध्ये त्यांच्या मुलाने तो नकाशावर आणला. प्रत्यक्ष लढाईत नशिबाचा जो वाटा असतो तो यात फाशांकडे गेला, आणि सैन्यातले अधिकारी या खेळावर शिकू लागले. घराघरांतल्या खेळण्यांपर्यंत हा प्रकार आणला तो एच. जी. वेल्स यांनी. त्यांच्या 1913 च्या 'लिटल वॉर्स' या नियमांच्या पुस्तकात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी काडी उडते. ज्या शिपायाला ती लागून तो आडवा पडेल, तो मेला. फासा नाहीच.

डायनासोरांची वाट वेगळी होती. रिचर्ड ओवेन यांनी 1842 मध्ये हे नाव दिलं. 1854 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत वॉटरहाउस हॉकिन्स यांचे प्रचंड पुतळे उभे राहिले. शिकवण्यासाठी त्यांच्या छोट्या प्रतिकृतीही विकल्या जात. आर्थर कॉनन डॉयल यांची 'द लॉस्ट वर्ल्ड' 1912 ची, म्हणजे वेल्स यांच्या नियमांआधी एकच वर्ष. बंदुका घेतलेली माणसं आणि जिवंत डायनासोर गोष्टीत समोरासमोर आले, पण टेबलावर यायला पुढे कैक वर्षं गेली. माझ्या मते अडचण कल्पनेची नव्हती, खेळण्यांची होती. मुलांच्या हातात पुरेसे स्वस्त डायनासोर 1950 च्या दशकात आले. अमेरिकेत मार्क्स कंपनीचा संच 1955 चा. त्याच सुमारास, 1952 मध्ये, रे ब्रॅडबरी यांनी भूतकाळात जाऊन डायनासोर मारणाऱ्या हौशी शिकाऱ्यांची कथा लिहिली. 1970 च्या दशकात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या काल्पनिक साहसाच्या खेळातले काही राक्षस तर हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांच्या पिशवीतूनच निघाले.

पुढे ब्रिटनमध्ये 'टस्क' हे मॅमथच्या शिकारीचे नियम आले, आणि ख्रिस पीअर्स यांचे डायनासोरच्या शिकारीचे 'सॉरियन सफारी'ही. मला शिकारीच्या खेळाचं खरं वेगळेपण दिसतं ते इथे. लढाईच्या खेळात दोन्ही सैन्यांमागे माणूस बसलेला असतो. शिकारीत जनावर कुणाचंच नसतं. ते पळेल, थबकेल की अंगावर येईल हे फासा ठरवतो, आणि टेबलाभोवतीचे सगळे एका बाजूला होतात.

बडोद्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. खंडेराव गायकवाडांच्या काळात इथे साठमारी व्हायची; 1860 च्या दशकात लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने ती पाहून लिहून ठेवली आहे. मस्तवाल हत्तीला डिवचून चपळाईने निसटणारा साठमार जीव मुठीत धरून उभा असे, कारण हत्ती पुढच्या क्षणाला काय करील हे कुणालाच ठाऊक नसे. त्या हत्तींचे हाल झाले, आणि ते बंद झालं हे चांगलंच झालं. पण जनावराला स्वतःचं मन आहे ही गोष्ट आमच्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

आम्ही किल्ल्यावरचे मातीचे मावळे मात्र बाजूला ठेवले. चार बोटं उंचीच्या मावळ्यापुढे डायनासोर कुत्र्याएवढा दिसायचा. आता इंचभर प्लास्टिकचे शिपाई, म्हणजे साधारण 1:72 चं प्रमाण. ठासणीची बंदूक एकदा झाडली की एक डाव भरण्यात जातो. शिकारी जवळ गेला की दोन फासे: 2 ते 5 आले तर जनावर पळतं, 6 ते 8 ला उभं राहून वास घेतं, 9 किंवा त्याहून जास्त आले तर थेट अंगावर.

आणि जनावर? टायरॅनोसॉरस इथला नाहीच. बडोद्याहून दोन-अडीच तासांवर, बालासिनोरजवळच्या रैयोलीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हाडं सापडली. 2003 मध्ये त्यांचं नाव ठरलं 'राजासॉरस नर्मदेन्सिस', नर्मदेवरून. सुमारे 6.7 कोटी वर्षांपूर्वीचा हा मांसाहारी, डोक्यावर बुटकं गोलसर शिंग. त्याच परिसरात डायनासोरांची अंडीही सापडतात, आणि 2019 पासून तिथे संग्रहालय आहे. लांबीचा अलीकडचा अंदाज साडेसहा मीटरच्या आसपास. 72 ने भागलं की नऊ सेंटिमीटर.

तेवढ्या मापाचा खेळण्यातला डायनासोर आम्ही शोधून आणला. भाच्याने त्याचे पंजे कातरीने आखूड केले, राजासॉरसचे हात तेवढेच असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे म्हणून. एम-सीलचा मुगाएवढा गोळा कपाळावर दाबून शिंग केलं आणि ते वाळेपर्यंत दोन तास त्याला कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी पहिल्याच डावात फाशांवर 11 पडले.