आवाज पोचला, जागा गेली : मुंबईतल्या स्वतंत्र मेटल बँडची पार्श्वभूमी

मेटल म्हणजे रॉक संगीताचा जड, दणदणीत प्रकार. मेटल बँडच्या कार्यक्रमाचं पोस्टर पहिल्यांदा बघणाऱ्याला बँडचं नावच वाचता येत नाही. काटेरी फांद्या, झाडाची मुळं, वीज चमकावी तशा रेघा, आणि त्यात कुठेतरी दडलेली अक्षरं. ज्यांच्यासाठी ती काढलेली असतात त्यांना ती पाठ असतात. बाकीच्यांनी वाचावीत अशी कुणाची अपेक्षाही नसते. पोस्टरच्या तळाशी मात्र साध्या, ठसठशीत अक्षरांत वार, वेळ आणि ठिकाण छापलेलं असतं. त्याखाली बहुतेकदा आणखी एक ओळ असते : 21 वर्षांवरील व्यक्तींनाच प्रवेश. ही ओळ मुंबईत पहिल्यापासून नव्हती.

'स्वतंत्र बँड' हा शब्द मेटलमध्ये थोडा फसवा आहे. रेकॉर्ड कंपनी नको म्हणून स्वतंत्र राहिलेले थोडे. कंपनी आलीच नाही म्हणून स्वतंत्र राहिलेले बहुतेक. रेकॉर्डिंगचा खर्च, कव्हरवरचं चित्र, टी-शर्टची छपाई, गावोगावचं रेल्वे आरक्षण, सगळं बँडनेच करायचं. ही रीत मेटलमध्ये फार जुनी आहे.

1979 साली आयर्न मेडन हा लंडनच्या ईस्ट एंडमधला एक धडपडा बँड होता. आपल्या डेमोची, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या रेकॉर्डिंगची, कॅसेट त्यांनी किंग्जबरीतल्या बँडवॅगन साउंडहाउस या अड्ड्यावर रेकॉर्डी लावणाऱ्या नील के या डीजेला नेऊन दिली. त्याने ती वाजवली आणि लोक पुन्हा पुन्हा मागू लागले. मग बँडने त्यातली तीन गाणी 'द साउंडहाउस टेप्स' या नावाने स्वतःच छापली. 5000 प्रती, विक्री पोस्टाने. पुढच्याच वर्षी डायमंड हेड या बँडने पहिल्या अल्बमच्या 1000 प्रती काढल्या, त्याही कोऱ्या पांढऱ्या वेष्टणात. नाव नाही, चित्र नाही; बँडमधल्या चौघांपैकी एकाची सही तेवढी. तो अल्बम ऐकून लार्स उलरिक नावाचा एक डॅनिश पोरगा इतका वेडा झाला की 1981 मध्ये अमेरिकेहून थेट इंग्लंडला त्यांचा कार्यक्रम ऐकायला गेला आणि त्यांच्याच घरी मुक्काम ठोकून राहिला. परत आल्यावर त्याने मेटॅलिका हा बँड काढला. जाहिरातीवर छदाम न खर्चता झालेली इतकी फलदायी जाहिरात संगीताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मेटॅलिकाचाही पहिला प्रसार कॅसेटींनीच केला. 1982 चा त्यांचा डेमो हातोहात कॉपी होत फिरला. टेप ट्रेडिंग म्हणतात ते हेच : अनोळखी माणसाला पत्र लिहायचं, आपल्याकडच्या कॅसेटींची यादी पाठवायची, त्याची मागवायची. पाकिटात कॅसेटबरोबर चार-पाच बँडच्या कागदी चिठ्ठ्या कोंबायच्या, म्हणजे त्या पुढच्या पाकिटातून आणखी पुढे जातात. पोस्टाचा खर्च परवडेना तेव्हा पोरं तिकिटावर साबणाचा किंवा डिंकाचा पातळ थर द्यायची. शिक्का त्या थरावर बसायचा, पलीकडचा ते तिकीट धुऊन पुसून परत पाठवायचा, आणि तेच तिकीट पुन्हा लागायचं. मेटलचं जागतिक जाळं अशा धुतलेल्या तिकिटांवर उभं राहिलं.

मुंबईत याच दशकात काय चाललं होतं? वाजवणारे होते, पण दुसऱ्यांची गाणी वाजवणारे. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये तुम्ही परदेशी बँडचं गाणं किती हुबेहूब वाजवता यावर टाळ्या ठरत. स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून ओळखीच्या गाण्याची फर्माईश ठरलेली. 1984 मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीन या बँडने ही सवय मोडायला घेतली. महेश तिनईकर, उदय बेनेगल ही मंडळी त्यात होती. संगीत काटेकोरपणे मेटल म्हणावं असं नव्हे, हार्ड रॉक. पण 1988 मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि देशभर कॉलेजा-कॉलेजांतून तो वाजवत फिरले. पुढे 1993 मध्ये त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतलं. आपली गाणी घेऊन गावोगाव जाता येतं हे पुढच्या पोरांनी त्यांच्याकडे बघून ओळखलं.

जागेचा प्रश्न मात्र तेव्हा सुटल्यासारखा होता, कारण रंगभवन होतं. धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं खुलं नाट्यगृह. जॅझ यात्रा या संगीत महोत्सवामुळे ते आधीच नावाजलेलं होतं. 1986 पासून फरहाद वाडिया यांनी तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरवायला सुरुवात केली. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात. डोक्यावर छप्पर नाही, पायाखाली चिखल, अंगात काळा टी-शर्ट, आणि समोर एकामागून एक बँड. चर्चगेटला किंवा सीएसटीला उतरून चालत पोचता येई, त्यामुळे विरार-कल्याणची पोरंही येत. वयाचा दाखला कुणी मागत नसे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दहावीचा क्लास बुडवून आत शिरू शकत होता, आणि मेटल ज्याला लागायचं त्याला साधारण त्याच वयात लागतं.

प्रसाराची साधनं तुटपुंजी होती. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउससारख्या दुकानात कॅसेटी मिळत. झेरॉक्सवर काढलेली पत्रकं कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चिकटवायची, सगळ्यात खात्रीचं ते मित्राच्या मित्राचं तोंड. 1993 मध्ये अलाहाबादहून अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलं. मुंबई-बंगळूरच्या बँडची दखल घ्यायला अलाहाबादहून मासिक निघावं यातच त्या काळातली पोकळी दिसते. 1997 पासून त्यांनी 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सवही भरवला. शिलाँगच्या बँडला मुंबईचा बँड नावाने तरी कळू लागला तो अशा मार्गाने. सैगल 2012 च्या जानेवारीत गोव्यात वारले. तोवर मासिकाचं काम बरंचसं इंटरनेटने आपल्याकडे घेतलं होतं.

2000 साल मुंबईच्या मेटलसाठी दोन कारणांनी लक्षात ठेवावं लागतं. पहिलं आनंदाचं. त्या वर्षी साहिल मखिजाने डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड सुरू केला, त्याच वर्षी पहिला अल्बम स्वतःच काढला, आणि कंपनी येत नाही म्हणून पुढे डेमनस्टीलर रेकॉर्ड्स नावाची स्वतःची कंपनी चालवून इतर भारतीय बँडचे अल्बमही काढले. कार्यक्रम मिळत नाही म्हटल्यावर 'रेझरेक्शन' हा महोत्सवही स्वतःच भरवला. 2010 मध्ये या बँडला ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. हाच माणूस यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' हा स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो, आणि त्याच्या कीटो पाककृती बघणाऱ्या कित्येकांनी त्याचा ग्राउल, म्हणजे मेटलमधलं गुरगुरतं गाणं, कधी ऐकलेलाही नसेल. प्रसार कुठल्या दारातून होईल सांगता येत नाही.

दुसरं कारण सरकारी राजपत्रातलं. 2000 साली ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. ही रुग्णालयं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथले कार्यक्रम थांबले. आता यात चूक कुणाची? रुग्णालयातल्या माणसाला झोप मिळालीच पाहिजे, आणि मेटल हलक्या आवाजात वाजवता येत नाही. नियमात सण-उत्सवांसाठी वर्षातून 15 दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंतची सवलत देण्याची सोय पुढे झाली. गणपतीतल्या डॉल्बीच्या भिंती त्या दिवसांच्या आधाराने उभ्या राहतात. मेटलला कुठला सण? त्यामुळे तक्रारीला जागा आहे, पण फार मोठ्याने करता येत नाही.

नियमाने बंदिस्त जागा वगळल्या होत्या. मग मेटल आत शिरलं. जुहूचं रॅझ ऱ्हायनो, नंतर अंधेरीचं बी-69, आणि अधूनमधून लोअर परळच्या गिरणीच्या आवारात 2007 मध्ये उघडलेलं ब्लू फ्रॉग. भयानक मौत, स्क्राइब, झिग्नेमा, गटस्लिट या मुंबईच्या बँडची पिढी अशा खोल्यांत तयार झाली. छत ठेंगणं, स्पीकर छातीवर, मॉशपिटमधला, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांवर आदळत नाचणाऱ्या गर्दीतला, घाम थेट गिटारवर. मजा वेगळीच होती, हे कबूल करतो.

पण या जागा बहुतांशी दारूच्या परवान्यावर चालणाऱ्या. महाराष्ट्रात बियरला 21 वर्षं लागतात आणि कडक दारूला 25. पबच्या दारावर त्यामुळे ओळखपत्र आलं, आणि पोस्टरवर ती ओळ. सोळा वर्षांचा मुलगा बाहेर राहिला. पबचं गणितही वेगळं. मालकाला तिकिटापेक्षा बारचं बिल महत्त्वाचं, आणि मेटलवाला एक बियर घेऊन दोन तास उड्या मारतो, मधल्या वेळात पाणी मागतो. शनिवारची रात्र अशा गिऱ्हाइकाला कोण देईल? मेटलच्या वाट्याला बुधवार-गुरुवार आले. एका ठिकाणी तर साउंडचेक संपल्यावर मालकाने आमच्या ओळखीच्या बँडला विचारलं होतं, मधे दोन बॉलिवूड घेता का. बँडने नकार दिला. दुसऱ्या गाण्यानंतर साउंडवाल्याने आवाज निम्मा केला.

प्रेक्षक नाहीत असं मात्र कुणी म्हणू शकत नव्हतं. 17 मार्च 2007 ला आयर्न मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजले, 1 फेब्रुवारी 2008 ला वांद्रे-कुर्ला संकुलात. कॅसेटवरून ओळखीचा झालेला बँड समोर बघून चाळिशीचे लोक रडत होते. इथल्या बँडना त्यातून किती मिळालं? उत्साह भरपूर. तीनशे माणसांची परवडणारी जागा मिळाली नाही.

उलट ऐकवण्याची सोय त्याच सुमाराला कल्पनेपलीकडे वाढली. 2008 मध्ये बँडकॅम्प ही बँडना आपलं संगीत थेट विकता येईल अशी वेबसाइट सुरू झाली. डिजिटल विक्रीवर ती सुरुवातीला 15 टक्के घेते. म्हणजे 500 रुपयांच्या अल्बममागे बँडचे 425, त्यातून पैसे पाठवण्याचा खर्च जाईल तो जाईल. कोविडच्या काळात 20 मार्च 2020 पासून काही शुक्रवारी तिने तो वाटाही सोडला. बंगळूरचा क्रिप्टोस 2013 मध्ये जर्मनीतल्या वाकन या मेटल महोत्सवात वाजला, पुढच्या वर्षी डेमॉनिक रेझरेक्शन. दिल्लीचा ब्लडीवुड सुरुवातीला पॉप गाण्यांची मेटलमध्ये चेष्टा करणारे व्हिडिओ टाकत असे. मग ढोल आणि पंजाबीसह स्वतःची गाणी आली, 2019 मध्ये वाकन आणि युरोपचा दौरा झाला, आणि 2022 चा पहिला स्वतःचा अल्बम त्यांनी कंपनीशिवाय काढला. गटस्लिटसारखा मुंबईचा बँड युरोपात दौऱ्यांवर दौरे करतो. गिरगावात किंवा ठाण्यात त्याला उघड्यावर वाजवायला मिळणं त्याहून अवघड आहे.

गिगच्या, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाच्या, दारातलं टेबल बघितलं की हिशेब कळतो. काळे टी-शर्ट मापानुसार गठ्ठे करून, शिवणीचे पॅच, थोड्या सीडी, कुणी हौसेने पुन्हा काढलेल्या कॅसेटीसुद्धा, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड. टेबलामागे पाच मिनिटांपूर्वी स्टेजवर ओरडत असलेला गायक, गळ्यात टॉवेल, 'एक्सएल संपला, लार्ज चालेल का?' विचारतो. गाणी मोबाइलवर कुणालाही मिळतात. टी-शर्टसाठी मात्र समोर यावं लागतं, आणि समोर यायला जागा लागते.

इंडिपेंडन्स रॉक रंगभवन सुटल्यावर वेगवेगळ्या मैदानांवर भरलं, मधली काही वर्षं बंद राहिलं आणि 2022 मध्ये माझगावला परतलं. लहान बँडनी दुसरी वाट काढली आहे : सरावाच्या स्टुडिओत किंवा छोट्या हॉलमध्ये रविवारी दुपारी गिग, दारू नाही, चहा-वडापाव कोपऱ्यावर. दादरला छबिलदासच्या शाळेत प्रायोगिक नाटकं बघितलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. अशा गिगच्या पोस्टरवर बँडची नावं नेहमीसारखीच वाचता येत नाहीत. तळाशी लिहिलेलं असतं : दुपारी 3, सर्व वयोगटांसाठी.