बरगे निखळतात तेव्हा

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका शाळेत वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईंना एके दिवशी फळ्यापुढे सतराचा पाढा आठवेना, असं समजा. सांधे महिनोन्‌महिने दुखतायत, रंकाळ्यावर उन्हात फिरलं की गालांवर लाल चट्टे उठतात. घरात कुणी म्हणतं टेन्शन, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी, अंगारा लावा. ल्युपस हा शब्द मात्र कुणालाच सुचत नाही.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उठते. दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका. त्वचा, सांधे, मूत्रपिंड यांच्याबरोबर मेंदू आणि नसाही त्यातून सुटत नाहीत. 1999 साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी अशा त्रासांचे 19 प्रकार ठरवले. त्यात डोकेदुखी, फिट, पक्षाघात, भास, विसराळूपणा, हातापायांच्या मुंग्या असं सगळं येतं.

रक्तातल्या बिघाडाची झळ मेंदूला लागते कशी? कोल्हापूरकरांना बंधारा समजावायला नको. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या पेशी बंधाऱ्याच्या बरग्यांसारख्या, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या फळ्यांसारख्या, एकमेकींना घट्ट भिडलेल्या असतात. रक्तातलं काय आत सोडायचं ते त्या ठरवतात. ल्युपसमध्ये डीएनएविरुद्ध तयार होणाऱ्या काही अँटिबॉडी चेतापेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरलाही, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूलाही, चिकटतात. पण बरगे शाबूत असले तर त्या आत पोचत नाहीत. अमेरिकेतल्या संशोधक बेटी डायमंड यांच्या गटाने उंदरांवर हे दाखवलं: जिवाणूंच्या विषाने हा बंधारा ढिला केला तेव्हा स्मरणशक्तीच्या भागातल्या पेशी मेल्या, अ‍ॅड्रेनलिनने केला तेव्हा भीतीशी संबंधित भागातल्या. अँटिबॉडी त्याच, बरगे कुठले निघाले एवढाच फरक! मला तरी या आजारातली ही सगळ्यात चक्रावणारी गोष्ट वाटते.

दुसरी वाट गुठळ्यांची. काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडी असतात, त्यातून तरुण वयातही पक्षाघात होतो. तिथे रक्त पातळ ठेवणारं औषध लागतं.

डॉक्टरांची खरी कसोटी निदानात. भास ल्युपसमुळे होतायत, क्षयाच्या मेंदूज्वरामुळे, की ल्युपससाठीच दिलेल्या स्टेरॉइडमुळे? स्टेरॉइडच्या मोठ्या डोसानेही माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. म्हणून पाठीतलं पाणी तपासतात, एमआरआय काढतात. घाबरून स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं.

आणि बाईंचा एमआरआय अगदी स्वच्छ येऊ शकतो. पाढा तरीही आठवत नसतो.