रंध्याचं वय कुठे लिहिलेलं असतं?

कसब्यातला आमचा वाडा पाडायला निघाला तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाकूड तासायचे दोन रंधे सापडले. एक बिडाचा, चौदा इंची. दुसरा लाकडी, पाचर ठोकून पातं बसवायचा. घरात पणजोबांचा, प्लेगच्या सालातला रंधा आहे, असं आत्या आम्हाला लहानपणापासून सांगायची. पुण्यातला प्लेग म्हणजे १८९७. बिडाचा रंधा भारदस्त, म्हणून सगळ्यांनी तोच पणजोबांचा ठरवला आणि एकानं लगेच तारेचा ब्रश उचलला. मी तो हातातून काढून घेतला.

जुनं अवजार हातात आलं की आधी वाचायचं, मग घासायचं. गंजाच्या थराखाली अक्षरं असतात. बिडावर भाजून बसवलेला काळा रोगण हाही पुरावाच असतो आणि तो ब्रशनं निघून जातो. व्हिनेगर गंजाबरोबर लोखंडही खातं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरावा. झिजलेल्या अक्षरांची सावली पडते आणि ती वाचता येतात. शिलालेख वाचणारेही असाच तिरपा प्रकाश वापरतात.

आमच्या रंध्याच्या नाकाडावर ५ हा आकडा निघाला. लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिरानं पात्याची खोली चाकानं कमीजास्त करायची युक्ती १८६७ मध्ये पेटंट केली. स्टॅन्ली कंपनीनं १८६९ मध्ये त्याचे हक्क घेतले. तेव्हापासून हे रंधे आकड्यांनी ओळखले जातात : ४ म्हणजे नऊ इंची, ५ चौदा इंची, ७ बावीस इंची. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीनं १९३१ पासून तसेच रंधे काढले, पण आकड्याआधी शून्य घातलं. म्हणून ०५ दिसलं तर तो रेकॉर्ड.

अमेरिकन स्टॅन्लीचं वय काढायची एक पद्धत मला फार आवडते. पात्याखालच्या ठोकळ्यामागे, रंध्याच्या पाठीवर, पेटंटच्या तारखा ओतलेल्या असत : मार्च १९०२, ऑगस्ट १९०२ आणि एप्रिल १९१०. तिन्ही असतील तर रंधा साधारण १९१० ते १९१८ मधला. दोन असतील आणि त्यात १९१० ची असेल, तर १९१९ ते १९२४. फक्त १९१० ची उरली असेल, तर १९२५ ते १९२८. असं का? तेव्हा अमेरिकेत पेटंटची मुदत १७ वर्षं होती. १९०२ मध्ये १७ मिळवा, १९१९ येतं. मुदत संपलेली तारीख साच्यातून काढली जाई, कधी लगेच, कधी काही वर्षांनी. म्हणूनच हे आकडे ‘साधारण’. ते कंपनीनं छापलेले नाहीत, संग्राहकांनी शेकडो रंधे शेजारी ठेवून जुळवले आहेत.

आमच्या रंध्यावर एकही तारीख नव्हती. पाठीवर ओतलेलं होतं, ‘मेड इन इंग्लंड’. स्टॅन्लीनं शेफील्डमध्ये कारखाना घेतला तो १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. पातं दाबून धरणाऱ्या कॅपचं भोकही बोलकं निघालं. आधी ते किल्लीच्या भोकासारखं दोन्ही बाजूंनी सारखं असे. पातं मागेपुढे करताना कॅप वर सरकू नये म्हणून १९३३ पासून ते मूत्रपिंडाच्या आकाराचं केलं. आमचं तसंच होतं.

इथे उत्खननातला नियम लागू पडतो. खड्ड्यात नाणं सापडलं तर तो खड्डा त्या नाण्याआधी बुजलेला असू शकत नाही. पण रंध्याचे सुटे भाग बदलता येतात. कॅप नंतर बसवलेली असेल, पातं तर झिजून संपतंच. म्हणून ठोकलेल्या शिक्क्यापेक्षा ओतलेल्या अक्षरांवर मी जास्त विसंबतो. ती अंगाबरोबरच जन्मलेली असतात. या अंगानं १८९७ चा दावा तिथेच मोडला.

मुठीपाशी मी जवळजवळ फसलो होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अमेरिकन रंध्यांच्या मुठी ब्राझीलच्या रोझवुडच्या असत, आणि आपला शिसव त्याच कुळातला. पुण्यातल्या सुतारानं फुटलेल्या मुठीच्या जागी शिसवाची बसवली तर परदेशी रोझवुडचाच भास होतो. आमच्या रंध्यात पुढची मूठ रंगवलेल्या फिक्या लाकडाची आणि मागची गर्द शिसवी. एकाच कारखान्यातून अशी विजोड जोडी निघत नाही.

मग राहिला लाकडी रंधा, ज्याच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. त्याच्या पात्यावर ‘कास्ट स्टील’ असा शिक्का होता. हे मुशीत वितळवलेलं पोलाद. ते बनवायची रीत बेंजामिन हंट्समननं १७४० च्या दशकात शेफील्डला बसवली, आणि एकोणिसाव्या शतकभर तिथल्या पात्यांवर हे शब्द अभिमानानं ठोकले जात. पोलाद महाग, म्हणून पातं सगळं पोलादी नसे. मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर तापवून, ठोकून जोडत. धारेचा उतार दगडावर घासला तर दोन रंगांमधली रेघ दिसते. आमच्या पात्यावर ती दिसली.

हे पातं धारेकडे जाड आणि वर पातळ होत गेलेलं आहे. धार लावून ते आखूड झालं की तळाच्या ज्या फटीतून पातं बाहेर डोकावतं तिच्यात पातळ भाग येतो आणि फट रुंदावते. तळ सपाट करायला लाकूड तासलं की ती आणखी वाढते. फटीची पुढची कड लाकडाचे तंतू दाबून धरते. ती पात्यापासून लांब गेली की तंतू उचकटतात आणि काम खरखरीत होतं. यावर उपाय म्हणजे तळात लाकडाचा नवा तुकडा चपखल बसवून फट पुन्हा अरुंद करणं. आमच्या रंध्यात असे दोन तुकडे आहेत, एकाच्या पोटात दुसरा. पात्यावर जेमतेम बोटभर पोलाद उरलंय.

एवढ्यानं प्लेगचं साल सिद्ध होत नाही, पण खोटंही ठरत नाही. मी तो आत्याच्या हातात दिला. तिनं तळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “अरे, मी हाच म्हणत होते. तो लोखंडी अण्णांनी जुन्या बाजारातून आणलेला, माझ्या लग्नाच्या वर्षी.”