लेखकाची जडणघडण (मराठी साहित्यव्यवहार)

लिहिण्याची कारागिरी हाती येणे आणि तिच्या बळावर साहित्यव्यवहारात नाव, वाचक व जमल्यास चार पैसे मिळवणे, या दोन्ही गोष्टी मिळून लेखकाची जडणघडण होते. चित्रकाराला जे. जे. स्कूल होते, गवयाला गुरूचे घर होते. मराठी लेखकासाठी तशी शाळा कोणी काढली नाही. ते काम विसाव्या शतकाचा बराच काळ नियतकालिकांच्या संपादकांनी केले. पोटापाण्याची जबाबदारी मात्र या व्यवस्थेने कधीच घेतली नाही. त्यामुळे मराठी लेखकाचे चरित्र बहुधा दोन रुळांवर चालते: एक नोकरीचा, दुसरा लेखनाचा.

पूर्वपीठिका

लेखन शिकता येते का, हा प्रश्न छापखान्याच्या कितीतरी आधीचा आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात दोन ठिकाणी त्याचा विचार केला आहे. चौदाव्या दशकातील ‘कवित्वकला’ समासात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार केले आहेत. मनात येईल ते रेटून रचलेले ते धीट, पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखे उतरवलेले ते पाठ, आणि अंतर्यामीच्या अनुभवातून आपसूक आलेले ते प्रासादिक. नवोदितांच्या वह्या चाळणाऱ्या कोणाही संपादकाला ही वर्गवारी आजही उपयोगी पडेल. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेवरच आहे: अक्षराचे वळण, ओळींमधले अंतर, कागद, शाई, लेखण्या. कारागिरीचा विचार इतक्या खालच्या पायरीपासून करणारे नंतरच्या मराठीत फार थोडे झाले.

मुद्रणयुगात ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) आणि ‘मनोरंजन’ (१८९५) यांसारख्या मासिकांनी लेखकाला ठरावीक मुदत आणि ठरावीक वाचक दिला. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यात प्रकरणाप्रकरणाने छापल्या. ‘पण लक्षात कोण घेतो!’ अशीच वाचकांपुढे आली. हप्त्याने लिहिणाऱ्याला मागचे प्रकरण दुरुस्त करायची सोय नसते. या कादंबऱ्यांचा पसरटपणा आणि त्यांची पकड, दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी त्यात आहे.

लेखक कोणाला म्हणायचे, हा वादही तेव्हाचाच. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. बहुजनांच्या दुःखाशी ज्यांच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, त्यांच्या सभेत आपले काम काय, असा त्यांचा रोख होता. पुढच्या प्रत्येक पिढीत हा वाद नव्या नावाने उभा राहिला.

तंत्राचा पुरस्कार

कथा-कादंबरीचे तंत्र समजावून देता येते, हे मत ना. सी. फडके यांनी हिरिरीने मांडले. त्यांचे ‘प्रतिभासाधन’ (१९३१) हे कथानकाची गुंफण, पात्रे, उत्कंठा, आरंभ आणि शेवट यांचा ऊहापोह करणारे पुस्तक दोन पिढ्यांच्या होतकरू लेखकांनी वाचले. त्या तंत्राने बेतलेल्या कथा लवकरच साच्यातल्या वाटू लागल्या, आणि चाळीसच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने तो साचा मोडला. मोडायला आधी साचा असावा लागतो, एवढे श्रेय फडक्यांना द्यायला हरकत नाही.

वि. स. खांडेकरांनी दुसऱ्या प्रकारे मदत केली. कोकणात शिरोड्याच्या शाळेत शिक्षकी करत त्यांनी स्वतःचे लेखन केलेच. शिवाय कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह १९४२ मध्ये स्वतः प्रसिद्ध केला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. प्रस्थापित लेखकाने नवख्याच्या पुस्तकाची अशी जोखीम घेतल्याची उदाहरणे मराठीत विरळ आहेत; प्रस्तावना मात्र उदंड आहेत.

संपादक आणि ‘साभार परत’

नियतकालिकांत लेखकांसाठीची सूचना साधारण एका छापाची असे: मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावा, नापसंत साहित्य परत हवे असल्यास पुरेशी टपाल तिकिटे जोडावीत. बाड पोस्टात टाकायचे आणि वाट पाहायची. बहुतेकांच्या वाट्याला ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी येई. काहींना मात्र पत्र येई, आणि त्या पत्रात शिक्षण असे.

ही पत्रे लिहिण्याची परंपरा मौज या प्रकाशनसंस्थेच्या ‘सत्यकथा’ मासिकात कळसाला पोचली. १९३३ मध्ये निघालेल्या या मासिकाला श्री. पु. भागवत यांच्या संपादनाखाली वाङ्मयीन वळण लागले. राम पटवर्धन त्यांचे दीर्घकाळचे सहकारी. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या पत्रात कथा आवडली की नाही एवढेच नसे. शेवटाचा परिच्छेद गरजेचा आहे का, हे पात्र या भाषेत बोलेल का, निवेदकाला हे ठाऊक कसे, असे प्रश्न असत. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. काही कथा दोन-तीनदा फिरून छापल्या जात, काही तरीही नाकारल्या जात. मुद्रिते (छपाईपूर्व प्रुफे) तपासताना विरामचिन्हापर्यंत काटेकोरपणा असे. साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले १९६२ मध्ये आणि त्यांत चार नियमांची भर पडली १९७२ मध्ये. पण ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार किती गांभीर्याने घ्यायचे हे अनेक लेखक शिकले ते मौजेच्या मुद्रितांवरून.

या पद्धतीचा खरा लाभ झाला तो गावोगावच्या लेखकांना. कुडाळात खानावळ चालवणारे चिं. त्र्यं. खानोलकर ‘आरती प्रभू’ या नावाने सत्यकथेतून वाचकांपुढे आले. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी संमेलने, सत्कार यांच्यापासून कटाक्षाने दूर राहिले. साहित्यविश्वाशी त्यांचा संबंध मुख्यतः पत्रांतून होता, आणि ती पत्रे पुढे खंडरूपाने प्रसिद्ध झाली. महेश एलकुंचवार नागपूरला. त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका सत्यकथेत आली, ती वाचून विजया मेहतांनी त्यांची नाटके रंगभूमीवर आणली. पंधरा पैशांच्या पोस्टाने होणारे हे शिक्षण घ्यायला मुंबईत खोली घ्यावी लागत नव्हती.

‘स्त्री’ मासिकाचे (१९३०) काम वेगळ्या जातीचे. किर्लोस्कर समूहाच्या या मासिकाने घरात बसून लिहिणाऱ्या बायकांना लिहायला उद्युक्त केले. कलाकृतीची सफाई हा तिथला पहिला निकष नव्हता. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ने तोच धागा पुढे नेला.

विरोध

एकाच दारातून आत जायचे म्हटले की द्वारपालाची आवडनिवड हीच अभिरुची ठरते. ‘शब्द’ (१९५४) या अनियतकालिकापासून दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि मंडळींनी आपली स्वतंत्र वाट धरली. पुढे ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेली) किंवा कशीबशी छापलेली पत्रे निघाली. राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून मासिकाच्या संपादनाचे वाभाडे काढले, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस तरुण लेखकांनी अंकाची जाहीर होळी केली. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी मासिकांच्या वाटेला न जाता लिहिली; पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी ती थेट पुस्तकरूपात काढली. ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ हा नेमाड्यांचा लेख या नोंदीच्या विषयावरचा मराठीतला सर्वांत तिखट मजकूर आहे. लेखनावर मिळालेली प्रतिष्ठा पुढे समित्या, सभा आणि पाठ्यपुस्तके यांत खर्ची पडते आणि लेखन मागे राहते, हा त्यातला आक्षेप. तो पटो न पटो, मराठी लेखकाच्या कारकिर्दीचा आलेख त्याने अचूक टिपला आहे.

दलित लेखकांची घडण या भांडणाच्याही बाहेर, सभा, जलसे, कामगार वस्त्या आणि ग्रंथालये यांतून झाली. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने (१९६७) नुसते छापले नाही, तर लेखक-वाचक मेळावे भरवले. पहिल्यांदाच लिहिणारा तिथे आपल्यासारख्याच दहा जणांना भेटे. अनुभव मोठा आहे पण आपली भाषा ‘साहित्यिक’ नाही, ही भीती मोडण्याचे काम कुठल्याही संपादकीय पत्रापेक्षा या भेटींनी जास्त केले असावे. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग महापालिकेच्या शाळेत शिक्षक. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे त्यांच्या संग्रहाचे नाव शब्दशः घ्यावे असे आहे.

दिवाळी अंक

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष दिवाळीला बांधलेले आहे. उन्हाळ्यात संपादकांची पत्रे किंवा फोन येऊ लागतात, गणपतीच्या आसपास मजकूर हाती पडावा अशी अपेक्षा असते, जाहिराती आल्या की पाने वाढतात आणि न आल्या तर एखादी कथा पुढच्या वर्षावर जाते. दरवर्षी काहीशे अंक निघतात. इतर भारतीय भाषांतही, विशेषतः बंगालीत, सणाचे अंक आहेतच. पण मराठीत रहस्य, विनोद, भविष्य, पाककृती अशा प्रत्येक आवडीचा स्वतंत्र अंक झाला. अनंत अंतरकरांचे ‘हंस’, ‘नवल’, ‘मोहिनी’ हे तीन अंक तीन वेगळ्या रुचींसाठी होते. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने (१९५१) विनोदी कथाकार आणि व्यंगचित्रकारांची फळी सांभाळली.

मराठीतली दीर्घकथा बऱ्याच अंशी या अंकांनी पोसली. मासिकाला न परवडणारी आणि पुस्तकाला न पुरणारी लांबी दिवाळी अंकात सहज बसते. तोटाही याच व्यवस्थेतून येतो. नाव झालेल्या लेखकाकडे आठ-दहा अंकांची मागणी येते, पावसाळ्याच्या दोन महिन्यांत ती भागवायची असते, आणि मग तीच कल्पना थोडी फिरवून दोन ठिकाणी दिसते. होतकरूला उलट अनुभव येतो: अंकात जागा मिळते, मानधन म्हणून अंकाची प्रत मिळते.

गुरू, स्पर्धा, व्यासपीठ

काही प्रकारांत हाताला धरून शिकवण्याची चाल राहिली. सुरेश भटांनी मराठी गझल रुजवताना वृत्त आणि काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच येणारा शब्द), अलामत (यमकाआधीचा समान स्वर) समजावणारी ‘गझलेची बाराखडी’ नवोदितांसाठी लिहिली आणि अनेकांच्या रचना तपासून दिल्या. त्या मदतीने घडलेल्या कवींची मोठी शाखा आज दिसते.

नाटककाराची तालीम स्पर्धांत होते. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून, पुण्याचा महाविद्यालयीन पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून. संवाद नटाच्या तोंडी बसत नाही हे तालमीत लगेच कळते. कथाकाराला अशी सोय नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी मात्र गावोगाव कथाकथन करून ती मिळवली. समोरचा श्रोता कुठे हसतो, कुठे चुळबुळतो, हे त्यांना छापण्याइतकेच महत्त्वाचे होते, आणि त्या दौऱ्यांतून मिळकतही झाली.

पुस्तक, पैसा, नोकरी

स्वामित्वधन (रॉयल्टी) बहुधा छापील किमतीच्या दहा ते पंधरा टक्के असते. दोनशे रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपूर्ण खपली तरी दहा टक्क्यांनी वीस हजार रुपये हाती येतात, आणि आवृत्ती संपायला काही वर्षे जाऊ शकतात. कवितेची आवृत्ती त्याहून लहान. खपाचा मोठा भाग ग्रंथालयांवर अवलंबून आहे. १९६७ च्या कायद्यानंतर शासनमान्य वाचनालयांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली, पण त्यांचे अनुदान अडले की प्रकाशकाची देणीही अडतात.

म्हणून मर्ढेकर आकाशवाणीत, कोलटकर जाहिरात व्यवसायात, व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद, जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्यात. रत्नाकर मतकरींनी बँक ऑफ इंडियातली नोकरी १९७८ मध्ये सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले, ही बाब अजूनही विशेष म्हणून सांगितली जाते. निव्वळ लेखणीवर जगणारे रहस्यकथांच्या बाजारात सापडतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. समीक्षेने त्यांची दखल घेतली नाही, पण मराठी वाचनाची सवय लावण्यात त्यांचा वाटा पुष्कळ प्रतिष्ठितांपेक्षा मोठा आहे.

पहिल्या पुस्तकासाठी काही सरकारी आधार आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना हस्तलिखित निवडून प्रकाशनाला साहाय्य करते. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे गट आहेत: कवितेसाठी बहिणाबाई चौधरी, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून पस्तिशीच्या आतील लेखकांना दिला जातो.

सद्यस्थिती

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. लेखकाशी पत्रव्यवहार करून कथा तीनदा लिहून घेणारे मासिक नंतर त्या ताकदीने उभे राहिले नाही. ‘अनुष्टुभ’सारख्या नियतकालिकांनी आणि काही दिवाळी अंकांनी तो कसोशीचा बाणा जपला. विद्यापीठांच्या मराठी विभागांत सर्जनशील लेखनाच्या अभ्यासपत्रिका आल्या आहेत. आंतरजालावर ‘मायबोली’ (१९९६) आणि तिच्यासारख्या संकेतस्थळांनी संपादकाशिवाय थेट वाचक दिला; परदेशातल्या मराठी लिहिणाऱ्यांना तर तो पहिल्यांदाच इतक्या सहज मिळाला. तिथला प्रतिसाद तत्काळ असतो, पण ‘छान जमलंय, पुढचा भाग लवकर टाका’ यापलीकडे क्वचित जातो.

नियमित पैसा आता दैनंदिन मालिकांत आहे. तिथे कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामे तीन जणांकडे असतात आणि मोबदला भागागणिक मिळतो. एकांकिका स्पर्धांतून वर आलेले कितीतरी लेखक तिकडेच वळतात. पुस्तकांच्या बाजूला मोजक्याच प्रकाशकांकडे पगारी संपादक आहेत. अनेक ठिकाणी लेखकच छपाईचा खर्च भरतो, आणि मग बाड दुरुस्त करायला सांगणारे कोणी उरत नाही.