लेकी बोले सुने लागे : इंग्रजी उपरोधिक कवितेची पार्श्वभूमी

१८ डिसेंबर १६७९ च्या रात्री लंडनमध्ये, कोव्हेंट गार्डनजवळच्या रोझ अ‍ॅली नावाच्या बोळात जॉन ड्रायडनला तिघांनी गाठून बेदम चोपलं. ड्रायडन तेव्हा इंग्लंडचा राजकवी होता. हल्लेखोरांचा पत्ता देणाऱ्याला पन्नास पौंडांचं बक्षीस जाहीर झालं, तरी कोणी सापडलं नाही. कारण बहुधा हातोहात फिरणारी एक निनावी कविता. तिच्यात राजा दुसरा चार्ल्स, त्याच्या प्रेयसी आणि दरबारी कवी अर्ल ऑफ रॉचेस्टर या सगळ्यांची सालटी सोलली होती. ती लिहिली अर्ल ऑफ मलग्रेव्हने; मार खाल्ला ड्रायडनने.

हा निनावीपणा कुठून आला? १६६० मध्ये चार्ल्स गादीवर परतला आणि अठरा वर्षं बंद असलेली नाटकघरं उघडली. ती बंद करणाऱ्या प्युरिटनांवरचा, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांवरचा, साचलेला राग सॅम्युएल बटलरच्या उपरोधिक काव्यात, ‘ह्युडिब्रास’मध्ये मोकळा झाला. हरलेल्यांची टिंगल दरबाराला आवडणारच. पण १६६२ च्या कायद्याने परवान्याशिवाय छपाई बंद केली. मग खरा जहाल मजकूर छापखान्याकडे जाईचना. नकलनवीस तो हाताने उतरवायचे आणि कॉफीहाउसमध्ये तो खिशाखिशांतून फिरायचा. खुद्द रॉचेस्टरने एकदा राजाला भलताच कागद दिला. त्यावर राजाचीच अश्लील चेष्टा होती, आणि स्वारीला दरबारातून पळ काढावा लागला.

१६७९ मध्ये परवान्याच्या कायद्याची मुदत संपली. तेव्हाच राजाचा कॅथलिक भाऊ जेम्स वारस व्हावा की नाही, यावरून देश दुभंगला होता. नोव्हेंबर १६८१ मध्ये ‘अ‍ॅब्सालम अँड अ‍ॅकिटोफेल’ बाजारात आलं, तेही ड्रायडनच्या नावाविना. कथा बायबलमधली. डेव्हिड म्हणजे चार्ल्स, अ‍ॅब्सालम म्हणजे त्याचा अनौरस मुलगा मनमथ, आणि त्याला फूस लावणारा अ‍ॅकिटोफेल म्हणजे जेम्सच्या विरोधकांचा पुढारी, राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असलेला शाफ्ट्सबरी. घरोघरी बायबल मुखोद्गत असल्याने कोण कोणाला बोलतंय हे सांगावं लागलं नाही. काही दिवसांतच ज्युरीने शाफ्ट्सबरीवरचा आरोप फेटाळला. कविता मात्र आजही वाचली जाते.

तिच्यातला झिम्री बघा. हा ड्यूक ऑफ बकिंगहॅम. त्याने दहा वर्षांपूर्वी एका नाटकात ड्रायडनची यथेच्छ टर उडवली होती. ड्रायडन फक्त एवढंच म्हणतो, की चंद्राच्या एका फेऱ्यात हा गृहस्थ किमयागार, फिडलवाला, मुत्सद्दी आणि विदूषक होऊन जातो. शिवी एकही नाही. मुत्सद्द्याला फिडलवाला आणि विदूषक यांच्या मधोमध बसवलं की काम झालं. दहा-दहा अक्षरांच्या, यमक जुळलेल्या दोन ओळींचा तो साचा अशा फटक्यासाठीच घडवल्यासारखा वाटतो. ड्रायडननेच पुढे १६९३ मध्ये लिहिलं, की कसबी घाव मुंडकं धडावेगळं करतो आणि तरी जागच्या जागी ठेवतो.

टॉमस शॅडवेल या नाटककारावर मात्र त्याने इतका नाजूक हात चालवला नाही. ‘मॅक फ्लेक्नो’मध्ये मठ्ठपणाच्या राज्याचा वारस म्हणून शॅडवेलचा राज्याभिषेक होतो, कारण तो चुकूनही अर्थाकडे भरकटत नाही! पुढे १६८८ च्या क्रांतीत राजा झालेल्या जेम्सची गादी गेली, आणि तोवर कॅथलिक झालेल्या ड्रायडनचं राजकवीपदही गेलं. ते मिळालं शॅडवेलला.

१६९५ मध्ये परवाना पद्धत कायमची संपली, पण बदनामीचा कायदा होताच. म्हणून नावातली अक्षरं गाळून रेघा मारायची पद्धत रूढ झाली. कवी अलेक्झांडर पोपच्या ‘डन्सिअ‍ॅड’मध्ये, म्हणजे मूर्खांच्या महाकाव्यात, १७२८ साली अशा रेघांची रेलचेल होती, आणि गाळलेल्या जागा भरणं हा लंडनकरांचा खेळच झाला. पुढच्याच वर्षी पोपने नावं उघड केली, वर पंडिती तळटीपांची फोडणी दिली. त्या दिवसांत तो पिस्तुलं आणि दांडगा कुत्रा घेतल्याशिवाय फिरायला जात नसे, असं त्याच्या बहिणीने सांगितलंय.

त्यातल्या मूर्खांचा राजा लुईस थिओबाल्ड. त्याचा गुन्हा एवढाच, की पोपने संपादित केलेल्या शेक्सपिअरमधल्या चुका त्याने १७२६ मध्ये पुस्तक लिहून दाखवल्या होत्या. बऱ्याचशा बरोबरही होत्या. पोपला झोंबलं ते त्यामुळेच असावं. १७४३ च्या आवृत्तीत पोपने थिओबाल्डला गादीवरून उतरवलं आणि तिथे नट-नाटककार कॉली सिबरला बसवलं. सिबर तेव्हा राजकवी होता.